मुलांची पारख : हक्क ठरविण्यासाठी की हक्क देण्यासाठी?

वाचकहो, शिष्यवृत्ती परीक्षेचा निकाल लागला की कोल्हापूर जिल्ह्यातील गावोगावी एक दृश्य पाहावयास मिळते. शाळेच्या कुंपणावर, ग्रामपंचायतीसमोर, चौकातल्या खांबांवर अभिनंदनाचे फलक झळकू लागतात. फलकावर दहा-अकरा वर्षांच्या मुलामुलींची छायाचित्रे असतात आणि प्रत्येकाखाली मिळालेले गुण व गुणवत्ता यादीतील क्रमांक. शिक्षकांनी रविवार न पाहता घेतलेल्या जादा तासांचे ते चीज असते. आईवडिलांच्या डोळ्यांतले पाणी खरे असते. या आनंदात दोष काढावा, असा या लेखाचा हेतू नाही.

परंतु त्याच फलकाखालून त्याच वर्गातील आणखी तीस-पस्तीस मुले रोज शाळेला जातात. त्यांची छायाचित्रे तेथे नसतात. तीही तो फलक वाचतात, कारण वाचायला तर शाळेने त्यांना शिकविलेलेच असते. वाचून त्यांना स्वतःविषयी काय कळते? आपण ‘त्यातले’ नाही, हे कळते. दहाव्या वर्षी कळलेली ही गोष्ट पुष्कळांच्या मनातून चाळिसाव्या वर्षीही जात नाही.

म्हणून एक प्रश्न आपण शांतपणे विचारात घ्यावा. माणसाच्या लेकराची कोवळ्या वयात पारख करून काहींना वेगळे काढण्याचा अधिकार आपल्याला आहे काय? असल्यास कोणत्या अटीवर? हा प्रश्न शिक्षण खात्यापुरता नाही. जो जो एखाद्या मुलाकडे पाहून मनात ‘हा हुशार’ किंवा ‘हा ढ’ असा शिक्का मारतो, त्या प्रत्येकाचा हा प्रश्न आहे. आणि अल्लाहपुढे त्याचे उत्तरही त्यालाच द्यावयाचे आहे.

परीक्षा हा स्वतःच अन्याय नव्हे

प्रथम परीक्षेच्या बाजूने जे म्हणता येईल, ते प्रामाणिकपणे म्हटले पाहिजे.

महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची शिष्यवृत्ती परीक्षा पूर्वी चौथी व सातवीला होत असे. २०१६-१७ या शैक्षणिक वर्षापासून ती पाचवी व आठवीला गेली आणि २०२५-२६ पासून ती पुन्हा चौथी व सातवीला आणण्यात आली. दोन पेपर, प्रत्येकी दीडशे गुण. त्यात भाषा व गणित यांच्या जोडीला ‘बुद्धिमत्ता चाचणी’ हा स्वतंत्र विषय. दुसरी मोठी चाळणी जवाहर नवोदय विद्यालयाची. कोल्हापूर जिल्ह्याचे नवोदय कागलला आहे. सहावीच्या वर्गात जास्तीत जास्त ऐंशी मुले घेतली जातात. किमान पंचाहत्तर टक्के जागा ग्रामीण भागासाठी व एकतृतीयांश मुलींसाठी असतात. राहणे, जेवण, शिक्षण सारे विनामूल्य. शेतमजुराच्या मुलाला यापेक्षा मोठे दार सहसा उघडत नाही.

आणि उत्तरपत्रिकेला आडनाव कळत नाही. वर्तुळ रंगविणारा हात बागवानाचा आहे, नदाफाचा आहे, कांबळ्यांचा आहे की कुलकर्ण्यांचा, हे तपासणाऱ्या यंत्राला ठाऊक नसते. परीक्षा नसती तर निवड झालीच नसती, असे समजू नका. निवड झाली असती. पण ती वशिल्याने, ओळखीने आणि वडिलांच्या कपड्यांकडे पाहून झाली असती. ज्यांच्यापाशी वशिला नाही, त्यांना नाव न विचारणारी परीक्षा हा एक आधार आहे.

शिवाय तल्लख मुलाची उपेक्षा हाही अन्यायच आहे. ज्याला एक उदाहरण पुरते, त्याला वर्षभर तेच गणित घोटावयास लावले, तर त्याची जिज्ञासा मरते. मुलांच्या संगोपनाविषयी लिहिताना इब्ने सीना यांनी फार पूर्वी बजावले आहे की प्रत्येक मुलाला प्रत्येक विद्या वा धंदा मानवत नाही. म्हणून शिक्षकाने त्याचा स्वभाव व कल पारखून मगच दिशा ठरवावी. न पारखता सगळ्यांना एकाच घाण्याला जुंपणे म्हणजे समता नव्हे.

तेव्हा प्रश्न परीक्षा असावी की नसावी असा नाही. परीक्षा कशासाठी, हा प्रश्न आहे.

अनाथाची परीक्षा

दिव्य कुरआनात मुलांची परीक्षा घेण्याची स्पष्ट आज्ञा एके ठिकाणी आली आहे आणि ती मनन करण्याजोगी आहे. सूरह अन्-निसाच्या सहाव्या आयतीत अनाथांच्या पालकांना सांगितले आहे की, ही मुले विवाहाच्या वयाला पोहोचेपर्यंत त्यांची परीक्षा घेत राहा. त्यांच्यात समज दिसून आली की त्यांची मालमत्ता त्यांच्या हवाली करा. ती मोठी होऊन आपले मागतील या भीतीने ती घाईघाईने खाऊन टाकू नका. हवाली करताना साक्षीदार ठेवा. आणि हिशेब घेण्यास अल्लाह पुरेसा आहे.

या आज्ञेतील चार गोष्टींकडे लक्ष द्या. पहिली अशी की, मालमत्ता आधीपासूनच त्या मुलाची आहे. परीक्षेवर तिची मालकी ठरत नाही. ती केव्हा आणि कशी सोपवावी, एवढेच ठरते. आज समज दिसली नाही म्हणून ती मालमत्ता शेजारच्या हुशार मुलाला देऊन टाकण्याचा अधिकार पालकाला नाही. दुसरी गोष्ट, परीक्षा एका दिवसाची नाही. ती घेत राहावयाची आहे. तिसरी, अप्रामाणिकपणाचा इशारा परीक्षा देणाऱ्याला नसून घेणाऱ्याला आहे. आणि चौथी, शेवटी हिशेबही परीक्षकाचाच होणार आहे.

धर्मशास्त्रकारांनी या आयतीवरून जे नियम काढले, तेही पाहण्यासारखे आहेत. आपल्या कोकणातील मुस्लिम बांधव ज्या शाफिई फिक्हचे अनुसरण करतात, त्या परंपरेतील इमाम नववी (रह.) यांच्या ‘मिनहाज’ या ग्रंथात म्हटले आहे की, ही पारख मुलाच्या परिस्थितीप्रमाणे बदलते. व्यापाऱ्याच्या मुलाची समज खरेदी-विक्रीत पाहावी, शेतकऱ्याच्या मुलाची शेतीत, कारागिराच्या मुलाची त्याच्या हुन्नरात. आणि ही परीक्षा दोन वा अधिक वेळा झाली पाहिजे, अशी अटही त्यांनी घातली आहे. सातशे वर्षांहून जुन्या या नियमाशेजारी नवोदयच्या निवड चाचणीचा नियम ठेवून पाहा. सहावीच्या प्रवेशाची ही चाचणी कोणत्याही मुलाला आयुष्यात एकदाच देता येते. नववीत रिकाम्या जागांसाठी वेगळी चाचणी असते, हे खरे. पण दहा वर्षांच्या मुलाला त्या दिवशी ताप असला, तर ते दार तीन वर्षांसाठी मिटले.

येथे कोणी म्हणेल, मालमत्ता आणि शाळेतील जागा यांची तुलना कशी होईल? जागा ऐंशी आणि मुले हजारो. सगळ्यांना जागा द्यावयाच्या तरी कोठून? हा आक्षेप रास्त आहे. विशिष्ट शाळेतील जागा ही कोणाची जन्मजात मालमत्ता नव्हे. परंतु शिक्षण ही आहे. ज्ञान मिळविणे प्रत्येक मुस्लिमाचे कर्तव्य असल्याची हदीस आपण व्याख्यानांतून वारंवार ऐकतो. त्या हदीसमधील ‘प्रत्येक’ या शब्दावर क्षणभर थांबा. जे प्रत्येकाचे कर्तव्य आहे, त्याची वाट प्रत्येकाला मोकळी मिळणे हा त्याचा हक्क ठरतो. जागा मोजक्या असू शकतात. शिक्षकाचे लक्ष, ग्रंथालयातील पुस्तक, शंका विचारण्याची मुभा आणि ‘तुलाही येईल’ हा विश्वास मोजका असू शकत नाही. जागा वाटताना यादी करावी लागते. जिव्हाळा वाटताना यादी करणे ही अमानतीतील खयानत आहे.

‘कदाचित’ या शब्दाचे वजन

सूरह अबसच्या आरंभीच्या आयतींमागील प्रसंग आपणास परिचित आहे. आदरणीय प्रेषित मुहम्मद (स.) कुरैशच्या सरदारांशी बोलत होते. या लोकांनी सत्य स्वीकारले तर त्यांच्यामागे पुष्कळ लोक येतील, ही त्यामागची तळमळ होती. इतक्यात अंध सहाबी ह. अब्दुल्लाह इब्ने उम्मे मक्तूम (रजि.) काही विचारावयास आले. प्रेषितांच्या (स.) कपाळावर आठी पडली आणि त्यांनी मुख फिरविले. त्यावर अल्लाहकडून हळुवार पण स्पष्ट समज आली. जो बेपर्वा आहे त्याच्याकडे लक्ष दिले जाते आणि जो धावत, भय बाळगून आला आहे त्याच्याकडे दुर्लक्ष होते. तुम्हाला काय ठाऊक, कदाचित तोच शुद्धता प्राप्त करील, कदाचित त्यालाच या उपदेशाचा लाभ होईल.

वाचकहो, येथे हेतू वाईट नव्हता. हिशेबही व्यवहाराला धरून होता : ज्याच्यामुळे अधिक फळ मिळेल, त्याला अधिक वेळ. आपल्या शाळांमध्ये हाच हिशेब रोज चालतो. पाच मुले यादीत येण्याजोगी आहेत, शाळेचे नाव त्यांच्यावर अवलंबून आहे. म्हणून जादा तास त्यांचा, पुढचा बाक त्यांचा. प्रस्तुत लेखकाने स्वतः शिक्षक असताना वर्षानुवर्षे हेच केले आहे. एका पावसाळ्यात शेवटच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले होते, “सर, मी पण जादा तासाला बसू का?” मी म्हणालो, “तुझं काम नाही ते.” त्याने पुन्हा कधी विचारले नाही. पुढे तो फार मोठा झाला आणि मी खजील झालो, अशी ही गोष्ट नाही. त्याचे पुढे काय झाले, मला ठाऊकही नाही. आणि तेच तर दुःख आहे. कारण कुरआनने इब्ने उम्मे मक्तूम (रजि.) यांच्याविषयी तो खात्रीने यशस्वी होईल असे सांगून लक्ष मागितले नाही, ‘कदाचित’ म्हणून मागितले. लक्ष मिळविण्यासाठी मुलाने आधी यशाची हमी द्यावी, ही अट अल्लाहने घातलेली नाही. ती आपण घातली आहे.

पुढे याच अंध सहाबींना मदीनेत अजान देण्याचा मान मिळाला, आणि प्रेषित (स.) प्रवासाला निघाले की अनेकदा मदीनेची जबाबदारी त्यांच्याकडे सोपविली जाई.

उहुदच्या वाटेवर

प्रेषितांनी (स.) मुलांची पारख केली नाही, असे नाही. उहुदच्या युद्धासाठी निघताना काही किशोर उत्साहाने सैन्यात सामील झाले होते. त्यांना पाहून लहान मुलांना परत पाठविण्यात आले. ही निवड मुळात दयेची होती. युद्ध हे मुलांचे काम नव्हे. ह. अब्दुल्लाह इब्ने उमर (रजि.) पुढे सांगत असत की, चौदाव्या वर्षी उहुदच्या वेळी मला परवानगी मिळाली नाही, पंधराव्या वर्षी खंदकच्या वेळी मिळाली. म्हणजे नकार होता, पण तो त्या दिवसापुरता होता.

चरित्रग्रंथांत याच प्रसंगातील आणखी एक हकीकत येते. राफेअ इब्ने खदीज (रजि.) या मुलाला उत्तम तिरंदाज म्हणून परवानगी मिळाली. ते पाहून समुरा इब्ने जुंदुब (रजि.) म्हणाले की, मी तर राफेअला कुस्तीत चीत करतो. दोघांची कुस्ती लावण्यात आली, समुरांनी राफेअला पाडले आणि त्यांनाही परवानगी मिळाली. कोल्हापूरच्या वाचकाला या प्रसंगाची गोडी वेगळी सांगावयास नको. तालमीच्या मातीत वाढलेल्या गावाला ठाऊक असते की वजनकाट्यावर पैलवान कळत नाही. आखाड्यात उतरल्यावर कळतो. परंतु बोध त्याहून मोठा आहे. निवडीवर मुलाने आक्षेप घेतला, तो ऐकून घेण्यात आला, आणि त्याला आपले वेगळे बळ दाखविण्याची संधी मिळाली. एकाचे बळ धनुष्यात होते, दुसऱ्याचे दंडात. एकाच मापाने दोघांना मोजले असते, तर एक जण वायाच गेला असता.

त्या दिवशी परत पाठविलेल्या मुलांत ह. जैद इब्ने साबित (रजि.) यांचेही नाव सांगितले जाते. प्रेषित (स.) मदीनेत आले तेव्हा हा मुलगा अकराएक वर्षांचा होता आणि तेवढ्या वयात त्याला कुरआनच्या दहाहून अधिक सूरह पाठ होत्या. तलवारीच्या वयाचा नसलेल्या या मुलाचे सामर्थ्य स्मरणशक्तीत आणि लेखणीत आहे, हे ओळखून प्रेषितांनी (स.) त्यांना यहुद्यांची लिपी शिकावयास सांगितले, ती त्यांनी जेमतेम पंधरा दिवसांत आत्मसात केली. पुढे ह. अबू बक्र (रजि.) यांच्या काळात कुरआन एकत्र संकलित करण्याची जबाबदारी त्यांच्यावरच आली. एका दारातून परत पाठविलेल्या मुलासाठी दुसरे दार शोधणे हे पारख करणाऱ्याचे अर्धे काम आहे, आणि आपण नेमके तेच विसरलो आहोत.

मापात पाप

सूरह अल्-मुतफ्फिफीनच्या आरंभी माप मारणाऱ्यांचा धिक्कार केला आहे : स्वतः घेताना पुरेपूर घेणारे आणि दुसऱ्याला मोजून देताना कमी देणारे. आपण हे बाजारपेठेला लावतो. परंतु मुलांच्या बुद्धीचे मापही मापच आहे, आणि ते खोटे असेल तर त्यातही पाप आहे.

बुद्धिमापनाचा इतिहास याची साक्ष देतो. १९०५ साली पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमॉन यांनी पहिली बुद्धिमापन श्रेणी तयार केली. तिचा हेतू वर्गात मागे पडणारी मुले ओळखून त्यांना वेगळी मदत देता यावी, हा होता. बुद्धी ही जन्मतः ठरलेली व न वाढणारी वस्तू आहे, या समजुतीला बिने यांचा विरोध होता. परंतु हेच साधन अटलांटिकपलीकडे गेल्यावर त्याचा उपयोग माणसांची कायमची प्रतवारी लावण्यासाठी होऊ लागला. अमेरिकेत लुईस टर्मन यांनी १९२१ पासून कॅलिफोर्नियातील कुशाग्र मुले चाचणीने निवडून त्यांचा दीर्घकाळ अभ्यास केला. त्या चाळणीतून गळालेल्यांत विल्यम शॉक्ली आणि लुईस अल्वारेझ ही दोन मुले होती. पहिल्याला १९५६ चे आणि दुसऱ्याला १९६८ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. निवडलेल्या दीड हजारांत मात्र नोबेल कोणाच्याही वाट्याला आले नाही.

याउलट आपल्याच परिसरातील एक उदाहरण आदराने घेण्यासारखे आहे. डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकात बिने यांची श्रेणी कानडी आणि मराठी बोलणाऱ्या मुलांसाठी नव्याने बेतली. परक्या देशातले प्रश्न, परके अनुभव, परकी भाषा आपल्या मुलांपुढे ठेवून त्यांना मंद ठरविणे हे खोटे माप आहे, हा त्या कामामागचा अर्थ. आजही हा मुद्दा जुना झालेला नाही. ज्या घरात मराठी पुस्तक नाही, जेथे मूल दखनी बोलते आणि शाळेत प्रमाण मराठी ऐकते, जेथे सरावाच्या प्रश्नसंचाला पैसे नाहीत, त्या घरातील मुलाचे गुण आणि तीन शिकवण्या लावणाऱ्या मुलाचे गुण एकाच ओळीत लिहिले जातात. यंत्राला आडनाव कळत नाही हे खरे. पण यंत्राला घरातला अंधारही कळत नाही.

शाहूंच्या नगरीची शिकवण

कोल्हापूरच्या वाचकाला हे नवीन वाटू नये. राजर्षी शाहू महाराजांच्या पागेतील घोड्यांची हकीकत येथे आजही सांगितली जाते : सर्वांसाठी चंदी एकत्र टाकताच दांडग्या घोड्यांनी ती फस्त केली आणि अशक्त घोडी लाथा खाऊन मागे राहिली. एकाच मैदानात सगळ्यांना सोडणे म्हणजे न्याय नव्हे, हे त्या राजाला कळले होते.

त्यांच्या कामाचा क्रम पाहा. त्यांनी आधी हुशार मुले शोधून मग वसतिगृहे बांधली नाहीत. आधी छप्पर आणि जेवण दिले. १९०१ पासून कोल्हापुरात एकेका समाजासाठी वसतिगृह उभे राहू लागले. १९०६ साली मुस्लिम विद्यार्थ्यांसाठी मुस्लिम बोर्डिंग निघाले, ते दसरा चौकात आजही उभे आहे. १९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे झाले. मुलाला शाळेत न पाठविणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड होता. म्हणजे जाब मुलाला नव्हे, मोठ्यांना विचारला जात होता. आधी पोटाला, मग पाटीला आणि त्यानंतर परीक्षेला. हा क्रम उलटला की परीक्षा गरिबीचीच होते आणि आपण तिला बुद्धीचे नाव देतो.

माणसे सोन्याचांदीच्या खाणींसारखी असतात, अशा आशयाची हदीस आहे. खाणीचे मोल वरच्या मातीवरून ठरत नाही, खोदावे लागते. ज्या जमिनीत कोणी कुदळच मारली नाही, तेथे सोने नव्हते असे म्हणण्याचा अधिकार कोणाला आहे?

घरातला तराजू

शाळेला नावे ठेवणे सोपे आहे. आता आपल्या घराकडे वळू.

ह. नुअमान इब्ने बशीर (रजि.) यांच्या वडिलांनी त्यांना एक देणगी दिली आणि प्रेषितांना (स.) साक्षी राहण्याची विनंती केली. प्रेषितांनी (स.) विचारले की, तुमच्या सर्व अपत्यांना असेच दिले आहे काय? नाही, असे उत्तर आल्यावर त्यांनी अल्लाहचे भय बाळगण्यास आणि मुलांमध्ये न्याय करण्यास सांगितले व अन्यायाला साक्षी राहण्याचे नाकारले.

आता असे एखादे घर डोळ्यांपुढे आणा. मुलगा शिष्यवृत्तीला बसला आहे. त्याच्यासाठी शिकवणी, प्रश्नसंच, रात्रीचा पेलाभर दूध. त्याची बहीण सातवीत आहे. तिला कोणी चाचणीला बसविलेच नाही. तो अभ्यास करतो म्हणून त्याच्या वाट्याची कामेही तिच्याकडे आली आहेत. कोणी निर्दय नाही. आईवडिलांच्या मते हा केवळ काटकसरीचा प्रश्न आहे. पण प्रेषितांचा (स.) तो प्रश्न या घराच्या उंबऱ्यावर उभा राहिला, तर उत्तर काय देणार? प्रत्येक अपत्याला सारखेच पुस्तक द्यावे, असा न्यायाचा अर्थ नाही. ज्याला जे लागेल ते द्यावे. परंतु एकीला काय लागते हे विचारलेच नसेल, तर तिची पारख न करताच आपण तिचा निकाल लावला आहे.

सूरह अल्-हुजुरातमध्ये (४९ : ११) एकमेकांची टवाळी करण्यास आणि वाईट नावांनी हाक मारण्यास मनाई आहे, ज्यांना हिणवले जाते ते हिणवणाऱ्यांपेक्षा चांगले असू शकतात, असे कारणही दिले आहे. ‘ढ’, ‘मठ्ठ’, ‘ड तुकडीतला’ ही नावे आपण विनोदाने घेतो. मूल ती विनोदाने घेत नाही.

निवडलेल्या मुलाची परीक्षा

आता ज्याचे छायाचित्र फलकावर आहे, त्या मुलाविषयी. त्याच्यावरही अन्याय होऊ शकतो.

सूरह अल्-अन्आमच्या शेवटच्या आयतीत (६ : १६५) सांगितले आहे की, अल्लाहने काहींना काहींपेक्षा वरचे दर्जे दिले ते दिलेल्या गोष्टींत परीक्षा पाहण्यासाठी. म्हणजे गुणवत्ता यादीत येणे हा परीक्षेचा शेवट नसून तेथे खरी परीक्षा सुरू होते. कारूनने आपल्या संपत्तीविषयी म्हटले होते की ती मला माझ्या ज्ञानामुळे मिळाली (२८ : ७८). दहा वर्षांच्या मुलाला आपण फलकावर चढवितो, तेव्हा नकळत हेच वाक्य त्याच्या ओठांत घालत असतो. आणि पुढच्या परीक्षेत तो यादीत आला नाही, तर तेच मूल स्वतःला कोणीच नाही असे समजू लागते.

तसेच, मूल हे निवडणाऱ्याच्या कीर्तीचे साधन नव्हे. उस्मानी सल्तनतीने बुद्धिमान मुले निवडून त्यांना राजवाड्यातील ‘एंदेरून’ या शाळेत उत्कृष्ट शिक्षण दिले आणि त्यांतून वजीर, सेनापती घडविले, याचा आपण अभिमानाने उल्लेख करतो. परंतु त्यांतील बरीच मुले ख्रिस्ती घरांतून, आईवडिलांपासून सक्तीने आणलेली होती, हेही तितक्याच प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. राज्याची गरज भागली. आईचा हक्क गेला. आपला इतिहास म्हणून अन्याय न्याय होत नाही. आज सक्ती नाही. पण शाळेच्या नावासाठी, घराण्याच्या प्रतिष्ठेसाठी मुलाचे खेळणे, झोपणे आणि हसणे काढून घेतले जाते, तेव्हा प्रश्न तोच उरतो : ही निवड कोणासाठी?

आपण काय करावे?

काही साध्या गोष्टी आपल्या हातात आहेत. मुलांना परीक्षेला अवश्य बसवा, मुलींनाही बसवा. शुल्क वा पुस्तकांसाठी अडलेल्या गरजू मुलांना जकात व सदक्यातून मदत द्या. मशिदीत मक्तबची जागा संध्याकाळी मोकळी असेल, तर तेथे अभ्यासाचे तास सुरू करा आणि त्या तासाला बसण्यासाठी कोणतीही चाचणी ठेवू नका. शिक्षक असाल तर आठवड्यातील एक जादा तास शेवटच्या बाकाला द्या. न निवडलेल्या प्रत्येक मुलाविषयी स्वतःला विचारा की याचे बळ कशात आहे आणि त्यासाठी दुसरे दार कोणते? आणि निकालाच्या दिवशी दोन घरी जा. एका घरी पेढे खायला आणि दुसऱ्या घरी, जेथे त्या दिवशी कोणी जात नाही, तेथे मुलाच्या खांद्यावर हात ठेवायला.

वाचकहो, न्यायाच्या दिवशी जो तराजू उभारला जाईल, त्यात मुलांचे गुण नव्हे, तर मुलांशी आपण कसे वागलो ते ठेवले जाईल. त्या दिवशी कोणी समोर येऊन, मी विचारले होते आणि त्यांनी मला बसू दिले नाही, असे म्हणू नये, एवढी तयारी आपण आजच करावी.

हे अल्लाह, आमच्या हाती सोपविलेली लेकरे ही तुझी अमानत आहे, याची आम्हाला जाणीव दे. आमच्या मापातील खोट दूर कर. ज्यांच्याकडे आम्ही पाठ फिरविली, त्यांच्याकडे वळण्याची सद्बुद्धी दे. आमीन.